लंडनचा प्रवास जळगावपासून मोजा
भाऊ, मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जाताना नऊ-दहा तास लागतात, येताना जरा कमी. उंचावरचे पश्चिमी वारे विमानाला मागून रेटतात. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या गावच्या. दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेसहाला उतरलात, तर उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा, झाले दहा. हिवाळ्यात साडेपाच मिळवायचे.

खरी मेख जळगाव-मुंबई टप्प्यात आहे. गाडीला सात-आठ तास धरा, आणि पावसाळ्यात कसारा घाटात खोळंबली तर काही खरं नाही. म्हणून आदल्या दिवशीच निघा, ऐका माझं. सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, विमानाच्या तीन तास आधी पोचा. तेलातला ठेचा मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत तो तपासणीला अडतो.