त्या फोटोत शेपूट कुठं आहे?

नागपूर, बुधवार, रात्री साडेदहा

पोरी,

शेतात दिसलेल्या त्या जनावराचे तुझे सातही फोटो पाहिले. आबाजी म्हणतात बिबट्याचं पिल्लू, सालदार म्हणतो रानमांजर, मोबाइलमधलं ॲप म्हणतं वाघाटी. आणि तू रडकुंडीला येऊन विचारतेस, काका, वहीत नाव काय लिहू?

काहीच लिहू नकोस. ती जागा कोरी ठेव आणि बाकीचं लिही. तारीख, वेळ, कोणता धुरा (शेताचा बांध), हरभरा केवढा झाला होता, ओलित चालू होतं का, ते कुठून आलं आणि कुठं शिरलं. आधी नोंद, मग नाव.

सातही फोटो तोंडाचे. शेपूट एकातही नाही! रानमांजराची शेपूट आखूड, टोक काळं, त्याच्या अलीकडे काळी कडी; अंगावर ठिपके नाहीत, पायांवर पुसट पट्टे, कानांच्या टोकाला बारीक झुपके. वाघाटी म्हणजे छोटी रानटी मांजरच, जेमतेम दीड किलोची, अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. तुझ्या फोटोत बॅटरीच्या उजेडाने सगळं अंग पांढरं पडलंय, त्यात ठिपके मला दिसत नाहीत आणि ॲपलाही दिसलेले नाहीत. आबाजींचं खरं निघालं, तर मात्र कुणी हात लावायचा नाही, उचलून घरी आणायचं नाही. आई जवळपासच असते.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर असे पाठवू नकोस, हे मागेही सांगितलं होतं. त्यातली तारीख-वेळ गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठव. किती वेळा सांगायचं?

रागावलो असं वाटेल. वाटू दे. आमचं वावर वर्धा रोडला होतं. कडेला पडीक माळ, आणि त्या माळावर धाविक पक्ष्याची अंडी. ना घरटं ना काडी, उघड्या जमिनीवर, ढेकळांत ढेकळं दिसावीत तशी. रोल 36 फोटोंचा, धुवायचे पैसे वेगळे, म्हणून एकेक फोटो श्वास धरून काढायचो. दोन ओळी लिहायला मात्र फुकट असूनही कंटाळा. तो फोटो अजून आहे माझ्याकडे. मागे लिहिलंय, 'धाविक, अंडी'. नाव अगदी बरोबर. वर्ष नाही, महिना नाही, जोडी होती की एकटा, काही नाही. मला नावाचीच तेवढी घाई होती.

आता तिथं घरांच्या प्लॉटचा लेआउट आहे. बाबांनी विकायचं काढलं तेव्हा मी गप्प बसलो. नोकरी नवी होती, बहिणीचं लग्न तोंडावर होतं, आणि माझं ऐकलं असतं कुणी? वही असती तरी लेआउट पडलाच असता, एवढं मला कळतं. पण काय गेलं ते नीट सांगता तरी आलं असतं. असो.

मोठ्या लेन्ससाठी तुझ्या बाबांच्या मागे लागू नकोस. बागेत जा. संत्र्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी सापडेल, तिला मोबाइल पुरतो. काही दिवसांनी ती हिरवी होते. पानं खाते म्हणून बाबा फवारणारच. एक झाड सोडा म्हणावं, कोपऱ्यातलं. तिचं नाव मला आज विचारू नकोस. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही लिंबू-संत्र्याच्या झाडांवर अंडी घालतं आणि इतरही घालतात. रोज एक फोटो, खाली तारीख. कोषातून बाहेर पडेल तेव्हा नाव काय ते कळेलच. तोवर नोंद.

उद्या उजाडताच त्या धुऱ्यावर जा. ओलिताची माती असेल तर ठसे उमटले असतील. नखं उमटलेली दिसली तर कुत्रा नाहीतर कोल्हा. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. ठशाशेजारी माचिस ठेव, वरून सरळ फोटो काढ. ऊन चढलं की कडा ढासळतात, म्हणून चहा नंतर.

काका