हरणाची कवटी घरी साफ करायची तर

पहिल्या शिकारीबद्दल अभिनंदन! पहिल्याच मोसमात शिंगांना आठ टोकं असलेलं व्हाइटटेल जातीचं हरीण मिळणं हे नशीबच. तुम्ही विचारलंय की डोकं फ्रीझरमध्ये आहे, टॅक्सिडर्मीवाल्याला (मेलेले प्राणी टिकवून सजवून देणाऱ्याला) पैसे द्यायचे नाहीत, तर घरीच खळखळ उकळून ब्लीचमध्ये बुडवलं तर चालेल का?

नाही चालणार. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये आल्यावर पहिल्या कवटीचं मी नेमकं हेच केलं होतं. महिनाभर झकास पांढरी दिसली, मग पिवळी पडली आणि दोन वर्षांत खडूसारखी भुसभुशीत झाली. ब्लीच हाडातलं कोलॅजन खाऊन टाकतं. शिवाय पिवळेपणा येतो तो हाडात मुरलेल्या चरबीमुळे, आणि ब्लीच चरबीला हातही लावत नाही.

सुरी हातात घेण्याआधी एक काम करा. आपल्या राज्यात हरणांमधला सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा जीवघेणा रोग 2002 पासून सापडतोय. त्याला कारणीभूत असलेली प्रिऑन प्रथिनं उकळून नष्ट होत नाहीत. घशाजवळच्या लसिका ग्रंथींची चाचणी डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, फुकट करून देतं, म्हणून त्या ग्रंथी फेकायच्या आत नमुना द्या. निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका. हातमोजे आणि चष्मा घाला. मेंदू-डोळे दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, मागच्या झाडीत नको.

आता साफसफाई. कातडं, जीभ, डोळे, खालचा जबडा सुरीने काढा. मेंदूसाठी कवटीच्या मागच्या मोठ्या भोकातून वाकवलेली तार घालून ढवळा आणि पाण्याने धुऊन काढा. प्रेशर वॉशर मारू नका. तुषार तोंडावर येतात आणि नाकातली कागदासारखी जाळीदार हाडंही उडून जातात.

शिजवायचं ते घराबाहेर, टर्की तळायच्या गॅस शेगडीवर. (आमच्याकडे स्वयंपाकघरातलं एक पातेलं यात कायमचं बाद झालं. त्यानंतर घरातून निघालेला वटहुकूम आजही लागू आहे.) शिंगांना बुंध्यापासून वर प्लास्टिकची फिल्म आणि टेप गुंडाळा, नाहीतर पाण्याच्या रेषेवर रंग उतरतो. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घाला. वाफ निघावी पण बुडबुडे फुटू नयेत, इतकीच आच ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर काढून खरवडा, पाणी बदला, परत घाला. दोन-तीन तासांत होतं. पाणी गाळून फेका, कारण दात सुटून तळाशी बसतात. वाळल्यावर ते गोंदाने परत बसवता येतात.

इथे बहुतेक जण थांबतात आणि पांढरं करायला धावतात. खरं काम इथून पुढे आहे. कवटी भांडी घासायच्या लिक्विड साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा, शिंगं पाण्याबाहेर. पाणी गढूळ झालं, वर तेलाचे थेंब तरंगले की बदला. डिसेंबरात गॅरेज गोठतं आणि बर्फ झाला तर हाड तडकतं, म्हणून बादलीत मत्स्यालयाचा हीटर ठेवा. दोन आठवडे लागतील, कधी महिना. पाणी दोन-तीन दिवस स्वच्छ राहू लागलं की कवटी बाहेर काढून वाळवा. वाळल्यावर पिवळे, मेणचट डाग दिसले तर पुन्हा बादलीत. माझी तिसरी कवटी सहा आठवडे भिजत होती, आणि तीच आज सगळ्यात पांढरी आहे.

पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातलं 3 टक्क्यांचं चालतं, वेळ जास्त लागतो. केस रंगवण्याच्या सामानात 40 व्हॉल्यूमचं, म्हणजे 12 टक्क्यांचं क्रीम मिळतं, ते ब्रशने थापून फिल्म गुंडाळा. शिंगांना लागू देऊ नका, हाताला तर मुळीच नको. द्रावण वापरलंत तर झाकण घट्ट लावू नका, वायू साठतो. एक दिवस पुरे. मग धुऊन सावलीत वाळवा.

भिंतीवर लावणं सोपं आहे. मागच्या भोकात अडकणारा धातूचा हूक मिळतो. स्क्रू मात्र भिंतीतल्या लाकडात जायला हवा, नुसत्या ड्रायवॉलमध्ये (जिप्समच्या पातळ पत्र्यात) लावलात तर एके रात्री धाडकन आवाज येईल.

तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या ओळीबद्दल, भारतात गावी वडिलांना शिंग पाठवायचं म्हणताय. सांबरशिंग उगाळून लावायचं घरगुती औषध आमच्या आजीकडेही होतं, त्यामुळे इच्छा समजते. पण भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ-सांबराची गळून पडलेली शिंगंसुद्धा घरी ठेवता येत नाहीत, आणि हे शिंग अमेरिकेतलं आहे हे कस्टमवाल्याला पटवत बसाल. फोटो पाठवा.