नवीन बॅटरी घ्यायच्या आधी वायरच्या दोन्ही टोकांना मीटर लावून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि डोकं परत तापलं माझं. ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर (राहायची-फिरायची गाडी), मागच्या सीटखाली १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर म्हणजे पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी, पुढे किचनपाशी १००० वॅटचा इन्व्हर्टर, मीटर १२.६ व्होल्ट दाखवतोय आणि मिक्सर फिरवला की लो बॅटरीचा बीप होऊन सगळं बंद. दुकानदार म्हणतोय बॅटरी गेली. सेम टू सेम माझी केस.

बॅटरी बहुतेक ठणठणीत आहे हो. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधली वायर बघा आधी.

१००० वॅट १२ व्होल्टवर खेचायचे म्हणजे लॉस धरून ९५-१०० अँपिअर. १० स्क्वेअर एमएम जाडीची वायर जाऊन-येऊन सहा मीटर असेल तर एवढ्या करंटला एक व्होल्टच्या वर तिच्यातच जातो. बॅटरी स्वतः लोडवर बाराच्या खाली येते, म्हणजे इन्व्हर्टरच्या हातात उरतात पावणेअकरा, त्यात मिक्सर सुरू होताना झटका मारतो, आणि साडेदहाच्या आसपास बहुतेक इन्व्हर्टर कट मारतातच.

हे मला इन्व्हर्टरच्या सर्व्हिस सेंटरने पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. गाडी आणतो म्हटलं तर नको, इन्व्हर्टर काढून आणा. काढून नेला. यांनी टेबलावर स्वतःच्या दोन फुटी जाड वायरवर लावला, दोन बल्ब पेटवून दाखवले, 'नो फॉल्ट फाउंड' लिहिलं आणि वर तपासणीचे पैसे घेतले. गाडीत वायर केवढी, किती लांब, एका शब्दाने विचारलं नाही! वर सल्ला काय, तर बॅटरी बदला. बदलली. घरी येऊन मिक्सर लावला, परत बीप. परत गेलो तर काउंटरवरचे साहेब म्हणे, गाडीत लावलंय ना, मग वॉरंटीत बसत नाही. जुनी चांगली बॅटरी भंगारच्या भावात गेली ती गेलीच.

तर आता मिक्सर चालू असताना मल्टीमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरमध्ये नाहीतर लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत. बॅटरीवरच अकराच्या खाली गेलं तर मात्र दुकानदार बरोबर असू शकतो, हेही सांगून ठेवतो.

माझं मत विचाराल तर इन्व्हर्टरच उचलून बॅटरीपाशी न्या, मीटरभरात, आणि किचनपर्यंत २३० व्होल्टची वायर ओढा. तिथे हाच लोड साडेचार अँपिअरचा होतो, अडीच स्क्वेअर एमएम भरपूर झाली. बॅटरीकडची वायर ३५ स्क्वेअर एमएम घ्या, बॅटरीच्या लगेच जवळ १५० अँपिअरचा फ्यूज, आणि लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच (लग दाबायचं हत्यार) दाबून घ्या, पक्कड-हातोडीने नको. पुण्यात तपकीर गल्लीत (इलेक्ट्रिकलचा बाजार) वायर घेताना टोक खरवडून बघा, कॉपर कोटेड ॲल्युमिनियम सर्रास खपवतात. (आणि शनिवारी गाडी घेऊन तिकडे जाऊ नका, पार्किंगमध्येच दिवस जातो.)

चार्जरचं पण तेच दुखणं. तुम्ही लिहिलंय की गाडी दिवसभर चालवूनही मागची बॅटरी भरत नाही. अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा चार्जिंगचा जनरेटर) पुढे, बॅटरी मागे, मधे बारीक वायर, मग चार्जिंगचे १४.४ व्होल्ट तिथवर पोचणार कसे? त्यात बीएस-६ गाड्यांमध्ये बऱ्याचदा स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो मधेच व्होल्टेज पाडतो, त्यामुळे नुसता रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच) लावून भागत नाही. डीसी टू डीसी चार्जर, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून बॅटरीला नीट देणारा, तो लावा, तोही मागे, बॅटरीजवळ. ट्युब्युलरला १५ अँपिअरच्या आसपासचा पुरे. ती चार्ज होताना गॅस सोडते, सीटखाली बंद डब्यात असेल तर बाहेर जाणारी व्हेंट पाइप हवीच, आमच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांनी लावलेली नाही आणि वर तिथेच झोपतात.

इंडक्शनचं विचारलंय ते विसरा. २००० वॅट म्हणजे १९० अँपिअर, शिवाय तुमचा इन्व्हर्टरच १००० चा. चहा गॅसवर करा.

मी इलेक्ट्रिशियन नाही, स्वतःच्या गाडीवर जे केलं ते सांगतोय, २३० ची बाजू आणि अर्थिंग लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. ते दोन्ही रीडिंग आणि वायरच्या लगचा फोटो इथे टाका, तोवर बॅटरीवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.