सीटिंग डेप्थ टेस्ट करताना तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप पुरतात का?

तुम्ही विचारलंय: .३०८ रायफलसाठी घरी काडतुसं भरतो. बुलेट काडतुसात किती आत बसवायची (सीटिंग डेप्थ) ते ठरवायला ती लँड्सपासून, म्हणजे बॅरलच्या आतल्या आट्यांपासून, दहा-दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे घेत प्रत्येक लांबीला तीन बार काढले. ४० थाऊ जंपला (बुलेट ते लँड्स एवढ्या मोकळ्या अंतराला) तिन्ही एका भोकात गेले. हीच लांबी पक्की करू, की तिच्या आजूबाजूला पाच-पाच थाऊंनी अजून शोधू?

पक्की करू नका, आणि पाच-पाच थाऊंनी तर मुळीच शोधू नका. माझाही आकडा ४० च होता, म्हणून लिहायला बसलोय.

मी मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं ओहायोत आहे, एफ-टीआर (बायपॉडवर रायफल टेकवून लांब पल्ल्याची नेमबाजी) मारतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये सिएराच्या १७५ ग्रेन मॅचकिंग बुलेटवर हुबेहूब हीच टेस्ट केली. १०० यार्डांवर ४० थाऊचा ग्रुप (भोकांचा पसारा) पाव इंचाच्या आत, शेजारचे ३० आणि ५० चे पाऊण इंचाला टेकलेले. कागद गॅरेजच्या भिंतीला लावला आणि त्या लांबीची दोनशे काडतुसं भरून टाकली. पहिल्याच ६०० यार्डांच्या मॅचला वीस गोळ्यांत २०० पैकी १८६. पुढच्या मॅचलाही तीच गत. तीन-तीनची पद्धत मला ज्यांनी शिकवली, ते क्लबातले ज्येष्ठ नेमबाज सगळ्यांदेखत म्हणाले, लोड चोख आहे, तुला वारा वाचता येत नाही. मी ते खरं मानलं. चार महिने झेंडे आणि मिराज (तापल्या हवेची थरथर) बघण्यात घातले. स्कोअर जागचा हलला नाही.

ऑगस्टमध्ये अण्णा आले. शिरोली एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. थाऊ म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. भिंतीवरचा कागद बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्या भोकाच्या कडेवरून करंगळीचं नख फिरवलं आणि विचारलं, "किती पीस मापलंस?" तीन म्हटल्यावर म्हणाले, "तीन पिसांवर दोनशेचा लॉट पास केलास व्हय?"

दुसऱ्या दिवशी २०, ४० आणि ७० थाऊ जंपची वीस-वीस काडतुसं भरली. पावडर, प्रायमर, ब्रास सगळं तेच. अण्णांनी तीन डबे केले, खूण झाकणाच्या आतून केली आणि कुठला डबा कुठला ते मला सांगितलं नाही. २० आणि ७० मधला फरक मिलिमीटरभराचा, नजरेला कळला असता, म्हणून रेंजवर एकेक काडतूस तेच माझ्या हातात देत होते. दहा-दहाचे सहा ग्रुप झाले. पहिल्या फेरीत ७० चा सगळ्यात लहान, दुसऱ्या फेरीत ७० चाच सगळ्यात मोठा. ४० चे दोन्ही ग्रुप एक इंचाच्या जरा आत, बाकीच्यांसारखेच.

आता हिशेब बघा. १०० यार्डांवर इंचभर म्हणजे ६०० वर सहा इंच, आणि तिथलं दहाचं वर्तुळच सहा इंचांचं. वारा नसला तरी ते ग्रुपनेच भरलं. वाऱ्याच्या चुकीला जागा उरली कुठे? एकाच लोडचा दहा गोळ्यांचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. त्यात सहा लांब्यांचे सहा ग्रुप काढले की एखादा बारीक निघणारच, सगळ्या लांब्या सारख्याच चांगल्या असल्या तरी.

मी ते सहा ग्रुप क्लबात दाखवले. उत्तर मिळालं, दहा बार काढले की बॅरल तापतं, म्हणून ग्रुप उघडतो. अहो, मॅचमध्ये वीस बार काढायचे असतात. तापलेल्या बॅरलचा ग्रुप हाच माझा ग्रुप. थंड बॅरलच्या तीन गोळ्यांवर मला कुणी मार्क देत नाही. आजही ते ज्येष्ठ नव्या पोरांना तीन-तीनच शिकवतात आणि पोरं वाऱ्याला दोष देत बसतात.

तेव्हा २०-२५ थाऊंच्या ढांगा टाका, प्रत्येकी दहा बार काढा, जी लांबी बरी वाटेल ती दुसऱ्या दिवशी परत मारा. परत आली नाही तर सोडून द्या. शिवाय बॅरलचा घसा जळत जातो तशा लँड्स पुढे सरकतात. काही शे गोळ्यांनंतर तुमचे ४० थाऊ ४० राहतच नाहीत.

हे मॅचकिंगसारख्या बुलेटचं झालं. व्हीएलडी (लांब, निमुळत्या टोकाची बुलेट) खरंच हट्टी असते, तिथे लांबीने फरक पडतो. पण बर्गर कंपनीसुद्धा व्हीएलडीसाठी ४०-४० थाऊंच्या ढांगा टाकायला सांगते, पाच-पाचच्या नाही. बुलेट लँड्सना टेकवणार असाल तर प्रेशर वाढतं, आधी पावडर कमी करा. न झाडता बोल्ट उघडला तर बुलेट आत अडकून पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडू शकते. भारतातून वाचणाऱ्यांनी घरी काडतुसं भरायच्या भानगडीत पडू नये, तिथे त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

आणि लांबी टोकावर मोजू नका, मापपट्टीला कंपॅरेटर (मापाचा जोड) लावून ओजाइव्हवर, म्हणजे बुलेटच्या निमुळत्या गोलाईवर, मोजा. एकाच डब्यातल्या मॅचकिंगची टोकं एकमेकांशी पाच-दहा थाऊंनी जुळत नाहीत.