वडिलांनी वीस वर्षांपूर्वी विकलेली कॉन्टेसा गाडी शोधायची आहे, हाती फक्त जुना नंबर आहे. सापडेल का? आणि वडिलांना आधी सांगावं का?

सापडू शकते. आमची सापडली, विकल्यानंतर पंधरा वर्षांनी, तीही केरळात. तुमचा प्रश्न वाचला आणि काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशिन शॉप. बाबांनी १९९१ मध्ये कॉन्टेसा क्लासिक घेतली, बिस्किट रंगाची, १.८ इसुझू इंजिनवाली. आधीच्या कॉन्टेसाला अँबॅसडरचंच १.५ लिटरचं इंजिन होतं, त्या जड बॉडीला ते पुरत नव्हतं. इसुझू आल्यावर ती गाडी खरी गाडी झाली. लांबलचक बॉनेट, मागच्या चाकांना ताकद. तिला आपल्याकडची मसल कार म्हणतात ते मला पटतं. बाबा मात्र तिच्या डिकीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, भरून आणायचे. वजनानं डिकीचा तळ बसला, तेव्हा त्यांनी शॉपमधलीच ३ एमएमची प्लेट कापून सहा रिव्हेट मारून बसवली. ही प्लेट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

२००२ मध्ये हिंदुस्थान मोटर्सनं कॉन्टेसा बनवणं बंद केलं, सुटे भाग मिळेनात, आणि २००४ मध्ये बाबांनी गाडी सांगलीच्या एका गृहस्थांना दिली. त्यानंतर घरात तिचा विषय निघाला की बाबा उठून जायचे.

आता तुमचं. पहिलं काम, तो नंबर सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण आरटीओ कुठलं आणि आरसीची स्थिती काय, एवढं कळतं. गाडी अजून वडिलांच्याच नावावर दिसली, तर शोध राहू दे, आधी ते निस्तरा. विकलेली गाडी नावावरून उतरली नसेल आणि तिनं अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आणि ॲपवर काहीच आलं नाही, तर गाडी मोडीत गेली असं समजू नका. कितीतरी जुन्या नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. आमचाही नंबर सापडला नव्हता.

खरं सांगायचं तर नंबर हा सगळ्यात कच्चा धागा आहे. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. रंग बदलतो. इंजिनही बदललेलं असू शकतं. टिकतो तो चासिस नंबर, गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला. तेव्हा घरातल्या जुन्या फायली, विम्याचे कागद, आरसी बुकाची झेरॉक्स, गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना भरलेल्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, सगळं उपसा. मला फॉर्म २९ ची प्रत विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात मिळाली. त्यावर चासिस नंबर होता आणि घेणाऱ्याचं नाव-गावही.

आरटीओकडून आजच्या मालकाचं नाव-पत्ता मिळेल ही आशा धरू नका. माहिती अधिकारात अर्ज केला तरी कलम ८(१)(जे) खाली वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. मी त्यात चार महिने घालवले, तुम्ही घालवू नका.

माझं काम झालं ते माणसांमुळे. सांगलीच्या गृहस्थांनी दोन वर्षांतच गाडी इचलकरंजीला दिली होती, पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी इसुझू इंजिनवर काम करणारे मिस्त्री शोधत फिरलो. अशी माणसं प्रत्येक गावात एखाद-दुसरीच असतात. तिसऱ्या गॅरेजात एका वयस्कर मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "ही डिकीत पत्रा मारलेली न्हवं? मुंबईच्या पार्टीनं नेली. शूटिंगला गाड्या देत्यात ते." त्या पार्टीचा फोन त्यांच्या डायरीत अजून होता. मुंबईहून कळलं की गाडी त्रिशूरला गेली.

तिथून पुढे कॉन्टेसावाल्यांचे ग्रुप कामी आले. एकेका टेललाइटसाठी ही मंडळी राज्यं पालथी घालतात, त्यामुळे कोणाकडे कुठली गाडी आहे हे एकमेकांना पाठ असतं. मी फोटो टाकला आणि डिकीतल्या प्लेटबद्दल लिहिलं. चासिस नंबर जाहीर टाकला नाही, तुम्हीही टाकू नका, त्याचे गैरवापर होतात. नवव्या दिवशी त्रिशूरच्या केएल-०८ नंबरच्या लालभडक कॉन्टेसाच्या डिकीचा फोटो आला. पाच रिव्हेट, सहाव्याच्या जागी भोक. चासिस नंबर मालकाला फोनवर विचारला, आकडा न् आकडा जुळला.

म्हणून आजच एका कागदावर तुमच्या गाडीच्या लपलेल्या खुणा लिहून काढा. वेल्डिंग, जास्तीचं भोक, सीटखालचा डाग. रंगारी बाहेरून रंगवतो, या जागांना सहसा हात लावत नाही.

वडिलांना आधी सांगायचं का? मी चासिस जुळेपर्यंत सांगितलं नाही. गाडी भंगारात गेल्याचं कळलं असतं, तर ते मला एकट्यालाच सोसायचं होतं. आणि मालकाला पहिल्या फोनवर किंमत विचारू नका. त्यानंही त्या गाडीसाठी झिजलेलं असतं. मी फक्त "बाबांना बघू द्याल का" एवढंच विचारलं.

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही रेल्वेनं त्रिशूरला गेलो. मालक गाडी विकणार नव्हते आणि मीही आग्रह केला नाही. त्यांनी किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबांनी आधी डिकी उघडली, वाकून प्लेटवरून बोट फिरवलं, रिकाम्या भोकापाशी थांबले आणि हिंदीत म्हणाले, "इधर पानी पकडेगा." मग तासभर गाडी चालवली. सगळा वेळ ते मालकाला गिअर कधी टाकायचा ते सांगत होते आणि तोही मन लावून ऐकत होता.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी शॉपमधून त्याच मापाचे डझनभर रिव्हेट कुरिअरनं त्रिशूरला पाठवले.