ताप नाहीये त्याला

मनीषनगरच्या ताई,

तुमचं पत्र चार पानांचं, त्यातली तीन सासूबाईंवर. सहा वर्षांच्या नातवाला ऑटिझम आहे हे त्या मानतच नाहीत, कधी म्हणतात लसीमुळे झालं, कधी म्हणतात तू नोकरी सोडली नाहीस म्हणून झालं, आणि तुम्ही विचारताय की यांना समजावू कसं, आणि २ एप्रिलला ऑटिझम दिवस असतो तेव्हा सोसायटीत छोटा कार्यक्रम ठेवू का.

सासूबाईंचं पटकन सांगते. लसीवर बोट ठेवणारा शोधनिबंध १९९८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला होता, २०१० मध्ये त्याच नियतकालिकाने तो मागे घेतला, नंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले आणि काही संबंध निघाला नाही. आईच्या नोकरीने तर ऑटिझम होतच नाही, मेंदूची घडणच वेगळी असते. एवढं सांगा, पटलं तर पटलं.

मी अडकले ती तुमच्या एका ओळीवर. 'महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्याला वरच्या खोलीत ठेवतो, कोणी विचारलं तर मोठी सांगते ताप आहे, ती आता छान सांभाळून घेते.'

मोठी म्हणजे अकरा वर्षांची पोरगी ना? काहून तिच्याकडून हे करून घेता?

वरच्या खोलीबद्दल माझी तक्रार नाही. घरात पन्नास माणसं, कुकरच्या शिट्ट्या, आरतीची झांज, त्याला ते सगळं एकदम अंगावर येतं, शांत जागा त्याला पाहिजेच. पण ताप? दर वर्षी नेमका महालक्ष्म्यांनाच? पाहुण्यांना काय समजायचं ते समजलेलंच असतं. तुमच्या पोरीने मात्र एक गोष्ट पक्की शिकून घेतली, की आपला भाऊ लपवायचा असतो. आणि तिला कोणी सांगितलंय का हो की त्याला काय आहे? चार पानं पुन्हा वाचली, कुठेच नाही. तो हात हलवत उड्या मारतो, नागपूर मेट्रोची स्टेशनं खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत म्हणतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो, हे ती रोज बघते. मुलांना कोणी कारण सांगितलं नाही की ती स्वतःच काहीतरी ठरवतात, आणि बरेचदा मनात धरून बसतात की माझ्यामुळेच झालं.

मला राग आलाय ताई, तो लपवत नाही.

तर सोसायटीचा कार्यक्रम राहू द्या. आज रात्री तो झोपला की मोठीला जवळ घ्या आणि नाव घेऊन सांगा, दादूला ऑटिझम आहे, तो जन्मापासूनच असा आहे, कोणाच्या चुकीने झालं नाही, तुला होणार नाही, हा ताप नाही म्हणून उतरणारही नाही, पण तो शिकतोय, त्याला आवाज जास्त लागतो, तीच तीच गोष्ट केली की बरं वाटतं. आणि पुढच्या महालक्ष्म्यांना दारात कोणी विचारलं तर तुम्ही उत्तर द्यायचं, तिने नाही, तिच्यासमोर, मोठ्याने, सासूबाई बाजूला उभ्या असल्या तरी.

ती चिडेल कदाचित, रडेलही, रडू द्या, लगेच समजूत काढायला जाऊ नका. आणि तिने विचारलं की मग इतके दिवस मला खोटं का बोलायला लावलं, तर कारणं देऊ नका, सॉरी म्हणा.