सिंगापूरची एकटीची ट्रिप: शेवटच्या दिवशी सकाळी चेक-आउट आणि रात्री विमान, तर सामान, टॅक्स रिफंड आणि वेळ कशी जमवायची?

तुमचा प्रश्न असा आहे: लिटल इंडियातल्या हॉस्टेलमधून सकाळी ११ ला चेक-आउट, मुंबईचं थेट विमान रात्री ८:१५ ला, मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानातली खरेदी अजून बाकी, जीएसटी परत मिळवायचाय आणि सोबत कोणी नाही.

वेळ तुमच्याकडे भरपूर आहे. एकट्या माणसाला शेवटच्या दिवशी अडवतं ते सामान. "जरा बॅग बघ, मी आलेच" असं म्हणायला कोणी नसतं, त्यामुळे बॅग कधी कुठे असेल हे आधी ठरवा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा.

खरेदी आदल्या रात्रीच उरका. मुस्तफा रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हा शेवटचा दिवस त्यात घालवायची गरज नाही. जाताना मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. जीएसटी परत मिळायला एका दुकानातली खरेदी करासकट किमान १०० सिंगापूर डॉलर लागते. त्याच दुकानाची त्याच दिवशीची तीनपर्यंत बिलं एकत्र धरता येतात. म्हणून ६० डॉलरचं आज आणि ५० चं उद्या असं घेतलंत तर दोन्हींवर पाणी. बिल करतानाच "टूरिस्ट रिफंड" म्हणून सांगा, म्हणजे व्यवहार तुमच्या पासपोर्टवर नोंदला जातो. जीएसटी सध्या ९ टक्के आहे, म्हणजे ५४५ डॉलरच्या बिलात ४५ डॉलर कर असतो. हातात त्याहून कमी पडतात, कारण रिफंड करणारी कंपनी तिचं शुल्क कापते. हॉटेलचं बिल आणि खाणंपिणं यात धरत नाहीत.

रात्रीच बॅग भरून वजन करा. बऱ्याच हॉस्टेलांत काटा असतो, नसेल तर मुस्तफात हातकाटा मिळतो. वजन जास्त भरलं तर जादा किलो त्याच रात्री विमान कंपनीच्या ॲपवरून घ्या. काउंटरवर तेच बरंच महाग पडतं. चेक-इन बॅगेत काय जायला हवं यात लोक नेहमी चुकतात. काया जॅम (नारळ-अंड्याचा), सांबल (मिरचीची चटणी), शाम्पू, परफ्यूम, जे जे ओतता किंवा फासता येतं आणि १०० मिलीच्या वरच्या डब्यात आहे ते सगळं चेक-इनमध्ये. पॉवर बँक मात्र कायम हातातल्या बॅगेत. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. नेहमीची २०,००० एमएएचची बँक ७४ च्या आसपास येते, त्यामुळे काळजी नाही.

सकाळी ११ ला चेक-आउट केल्यावर मोठी बॅग हॉस्टेलमध्येच ठेवा. बहुतेक ठिकाणी त्याच दिवसापुरती फुकट ठेवतात, पण खोली कुलूपबंद आहे की नुसता कोपरा, हे बघून घ्या. कोपरा असेल तर झिपला छोटं कुलूप लावा. पासपोर्ट, लॅपटॉप, दागिने आणि एक कार्ड अंगावर. दुसरं कार्ड वेगळ्या खिशात. एकटं असताना दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवणं हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो, कारण पाकीट गेलं तर उसने द्यायलाही कोणी नाही.

मधले चार तास हॉस्टेलपासून पायी पोचता येईल अशाच भागात घालवा. टेक्का सेंटरमध्ये जेवण, मग कॅम्पाँग ग्लॅम आणि सुलतान मशिदीच्या आसपासच्या गल्ल्या. सेंटोसा बेट आणि सीमेपलीकडचं मलेशियातलं जोहोर बाहरू या दिवशी नकोच. जोहोरच्या सीमेवरची रांग किती वेळ खाईल याचा अंदाज बांधता येत नाही. गार्डन्स बाय द बे या बागेतला सुपरट्रीचा (झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा) दिव्यांचा खेळ पावणेआठला सुरू होतो, म्हणजे तो आदल्या संध्याकाळीच बघायला हवा. दुपारी पाऊस कोसळतो आणि विजा चमकतात, तेव्हा पाणी न शिरणारी पिशवी जवळ ठेवा. ओले कपडे बॅगेत कोंबून साडेपाच तासांचा प्रवास करणं वाईट.

आता वेळ उलटी मोजा. विमान ८:१५ ला, काउंटर साधारण एक तास आधी म्हणजे ७:१५ ला बंद. रिफंड, रांग आणि थोडी सैल वेळ धरून चांगी विमानतळावर पावणेपाचला पोचा. म्हणजे हॉस्टेल पावणेचारला सोडायचं. यात आणखी एक फायदा: पाचनंतर ऑफिस सुटल्यावर मेट्रोत मोठी बॅग घेऊन उभं राहणं कठीण होतं.

मेट्रोचा मार्ग नीट समजून घ्या, कारण नकाशा इथे फसवतो. लिटल इंडियाहून निळी डाउनटाउन लाइन थेट एक्स्पोला जाते आणि तिथून चांगी एकच स्टेशन, म्हणून ती सोपी वाटते. पण ही लाइन बुगिसवरून खाली बेफ्रंट, चायनाटाउन असा अख्खा वळसा घालून जालान बेसारला परत येते, आणि ते स्टेशन लिटल इंडियाहून चालत जाण्याइतकं जवळ आहे. बॅगेला चाकं असतील तर सरळ जालान बेसारपर्यंत चाला आणि तिथून एक्स्पोच्या दिशेची गाडी पकडा. नाहीतर लिटल इंडिया ते बुगिस दोन स्टेशनं, तिथे हिरव्या ईस्ट-वेस्ट लाइनवर पासिर रिसच्या दिशेला बसा आणि आठव्या स्टेशनवर, तानाह मेराहला, उतरा. तिथे गाडी बदलायची हे विसरलात तर थेट पासिर रिसला पोचाल. तानाह मेराहहून चांगीची वेगळी गाडी असते, मध्ये फक्त एक्स्पो. वाट बघण्यासकट तासभर धरा. फाटकावर आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवून जाता येतं, परदेशी कार्डावर त्या दिवसाचे ०.६० डॉलर जादा लागतात. गाडीत पाणी पिणंसुद्धा मना आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत.

चांगी स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये आहे. टर्मिनल १ ला स्कायट्रेन, टर्मिनल ४ ला फुकट शटल बस. तिकिटावरचं टर्मिनल निघण्याआधी बघा. ४ असेल तर अर्धा तास आधी निघा.

पोचल्यावर क्रम चुकवू नका. आधी रिफंड, मग बॅग. चेक-इन बॅगेत जाणाऱ्या वस्तूंसाठी ई-टीआरएसचं (पर्यटकांना जीएसटी परत देणाऱ्या यंत्रणेचं) कियॉस्क चेक-इन हॉलमध्येच असतं. पासपोर्ट स्कॅन करा, खरेदी दिसली की ती निवडा, परतावा कार्डावर घ्या. मंजूर झालं तर काम संपलं. तपासणीचा संदेश आला तर कस्टम्सच्या काउंटरवर वस्तू आणि बिल प्रत्यक्ष दाखवावं लागतं. बॅग आधीच पट्ट्यावर गेली असेल तर दाखवणार काय? पैसे तिथेच बुडतात. घड्याळ, सोनं, कॅमेरा असं हातात नेणार असाल तर त्याचा दावा इमिग्रेशननंतरच्या कियॉस्कवर करा. रोख रक्कमही आतच मिळते. दावा केल्यापासून १२ तासांत देश सोडायचा असतो, आणि रस्त्याने मलेशियाला निघालात तर हा परतावा मिळतच नाही.

बॅग गेली की खरी मोकळीक. ज्वेल हा विमानतळाला जोडलेला मॉल बघायचा तो आता. ते इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तिकीट नाही, ४० मीटरवरून पडणारा धबधबा कुठल्याही मजल्यावरून दिसतो. टर्मिनल १ ला ते चिकटूनच आहे, २ आणि ३ कडून पूल आहेत. सव्वासहाला मात्र आत जा. इमिग्रेशन ओलांडल्यावर परत येता येत नाही.

टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटवरच होते. मुंबईची सवय असलेल्याला वाटतं तपासणी झाली असेल, आणि मग भरलेली बाटली गेटवर ओतावी लागते. त्या रांगेसाठी गेटवर ७:१५ पर्यंत पोचा.

मुंबईत भारतीय वेळेनुसार साधारण सव्वाअकराला उतराल. कस्टम्सला विचारलं तर दाखवायला बिलं हातातल्या बॅगेत हवीत, कारण रिफंड मिळाला तरी भारतातली शुल्कमाफीची मर्यादा वेगळी मोजली जाते. दारू दोन लिटरपर्यंत. विमानात बसण्यापूर्वी भारतीय सिम चालू करून ठेवा, नाहीतर कॅबचा ओटीपी येणार नाही, आणि हजार-दोन हजार रुपये रोख बाजूला ठेवा. पुढे पुण्याला जायचं असेल तर गाडी सिंगापूरहूनच बुक करा, मध्यरात्री बॅगा घेऊन दर ठरवत उभं राहावं लागणार नाही.